गोऱ्या कबरस्तानातली येळवस

बिदरच्या मैलुरातल्या चांगल्या घरच्या सुना संध्याकाळी भाजीला जातात, देवळात जातात, नाहीतर माहेरी फोन लावून गच्चीवर फेऱ्या मारतात. मी गोऱ्यांच्या कबरस्तानात जायची. तेही एका म्हाताऱ्या माणसाबरोबर. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, हे शेजारणीकडून कळलं तेव्हा त्या हातातला पिठाचा गोळा परातीत तसाच टाकून उठल्या.

"मसणात फिराय जायलीस व्हय गं? कामून? हितं जागा कमी पडली?"

"आत्याबाई, तिथं पिंगळे हायत."

"पिंगळे!" त्यांनी पिठाच्याच हातानं कपाळ बडवलं. "अगं, पिंगळा बोलला तर लोक दार लावून घेतेत, आन् तू ऐकाय जायलीस!"

म्हातारा माणूस म्हणजे आमच्या शाळेतले सर. मी मराठीची बाई, ते विज्ञानाचे. मी नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. मूळचे जनवाड्याचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक पुण्याला दिलेली. शाळेत बाई दिसली की अक्का आणि बाप्या दिसला की अण्णा, एवढीच त्यांची नाती. शिपाई अण्णा आणि हेडमास्तरही अण्णा. त्यावरून स्टाफरूममध्ये एकदा मोठं रामायण झालं, पण सरांनी काही सोडलं नाही. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला अक्काच.

ते कबरस्तान मैलुराच्या शेवटच्या वस्तीपलीकडं, लाल मातीच्या उंचवट्यावर आहे. शहरातल्या ख्रिस्ती लोकांचं वेगळं आहे, चांगलं राखलेलं. हे राणीच्या काळातलं. निजामाच्या फौजेवर नेमलेले गोरे साहेब, त्यांच्या मडमा, कुणी तारखात्यातला, कुणी पूल बांधायला आलेला, असे सगळे तिथं पडलेले. कुणी तापानं गेला, कुणी पटकीनं. भोवती जांभ्याची भिंत, एका बाजूला लोखंडी फाटक. आत सीताफळीचं रान, बोरी, तरवड आणि मधोमध एक जुना निंब. आमच्यापैकी कुणाचंच तिथं कुणी पुरलेलं नव्हतं, म्हणून मग ते सगळ्यांचंच झालेलं. टमरेलवाल्यांचं, शेळ्यावाल्यांचं, पत्तेवाल्यांचं.

फाटकाशी आलं की सर थांबायचे आणि मोठ्यानं खाकरायचे.

"दुसऱ्याच्या घरात शिरताना खाकरावं, अक्का. आत कुणी कसंबी बसलेलं असतंय."

कुणी म्हणजे मुंगूस, घोरपड, कधीमधी नागसुद्धा. मग आत शिरून पहिल्या कबरीला सलाम. "सलाम साब. तबियत कैसी है?" मराठी माणसानं मेलेल्या इंग्रजाशी दखनीत का बोलावं, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "ह्यांना आपली मराठी यायची न्हाई, मला ह्यांची इंग्रजी झेपत न्हाई. पण खानसाम्याशी, घोडेवाल्याशी हे दखनीच बोलत असतील की. मधली भाषा तीच."

कोण कुठं पुरलाय आणि त्याच्याकडं कोण राहायला आहे, हे सर एका दमात सांगायचे, आपल्या गल्लीतलं सांगावं तसं. तारवाल्याकडं सायाळ. मडमेच्या दगडाखाली घोरपड. तापवाल्या साहेबाच्या उताण्या फरशीवर रातवा पक्षी बसायचा, फरशीच्याच रंगाचा, आणि त्याच्यावर पाय पडेपर्यंत तो कुणाला दिसायचा नाही. हा तापवाला साहेब कोवळा पोरगा होता, विलायतेतनं येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, असं त्या फरशीवर कोरलंय. सर त्याच्यापाशी हटकून जरा जास्त रेंगाळायचे. "हवा मानवली न्हाई बिचाऱ्याला," म्हणायचे, परवाच घडल्यासारखं.

आणि घुमटीवाल्या मोठ्या साहेबाकडं पिंगळे, ती बारकी घुबडं. घुमटीला वरून खालपर्यंत तडा गेलेला, त्या तड्यात एक जोडी. दिवस मावळला की आधी एक डोकं बाहेर यायचं, मग दुसरं. दोघं घुमटीवर अंगाला अंग लावून बसायचे आणि जे भांडण सुरू करायचे, की बस्स.

"नवराबायकूचं बघा," सर म्हणायचे. "दिवसभर एका भोकात झोपायचं, आन् उठल्या उठल्या कचकच." थोड्या वेळानं म्हणायचे, "आमची ही बी यायची माझ्यासंगं. तिला लई आवडायचं हे भांडण." मग आम्ही भांडण संपेपर्यंत ऐकत बसायचो.

एकदा तापवाल्या साहेबाची फरशीच गायब झाली. सर वस्तीतल्या घरोघरी शोधत फिरले. सापडली ती एका घरामागं, धुणं धुवायच्या जागी. ती बाई म्हणाली, "मी काय नावावर धुनं आपटत न्हाई, सर. नाव खाली केलंय."

"म्हंजी साहेब पालथा झोपलाय तुमच्याकडं," सर म्हणाले.

बाईनं जीभ चावली. सरांनी तिला बदली एक शहाबादी फरशी आणून दिली आणि साहेबाला हातगाड्यावर घालून परत नेलं. ऊन होतं, म्हणून साहेबावर छत्री धरली. त्यांच्या छत्रीच्या निम्म्या काड्या मोडलेल्या, त्यामुळं साहेबाच्या पायावर ऊन पडतंय म्हणून ती सारखी इकडंतिकडं करत होते. गाडा मी ढकलत होते. अख्खी वस्ती दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी आत्याबाईंनी माझं ताट आपटून वाढलं.

हे मी हसत सांगतेय, पण त्या जागेत त्या माणसाचा जीव अडकला होता. निवृत्तीच्या सत्काराला त्यांनी एकच वाक्य भाषण केलं. "माणसाला जागा लागतीया, जागेला माणूस लागत न्हाई." कुणाला काही कळलं नाही, टाळ्या मात्र वाजल्या. शाल खांद्यावरच, तसे ते उठून कबरस्तानात गेले.

तिथं निंबाखाली ओळीनं पाच दगड होते, गुडघ्याएवढे. पाचांवर एकच आडनाव, बाकी सगळं झिजलेलं. पाच भावंडं असणार, एकाच साथीत गेलेली. आईबापाची कबर मात्र कुठं नव्हती. "बदली झाली असंल," सर म्हणायचे. "सरकारी नोकरी. पाच लेकरं हितं ठिवून ती माउली बोटीत कशी बसली असंल, अक्का?" मला तेव्हा नुकती मुलगी झाली होती. मला ते ऐकवायचं नाही.

एका सकाळी त्या पाचातला एक दगड भिंतीशी पडलेला दिसला. कुणीतरी न्यायला काढला होता आणि जड झाला म्हणून टाकला होता. सर हादरले. आम्ही दोघांनी तो परत आणून रोवला, पण त्यांना चैन पडेना. ज्या त्या ओट्याला, चुलीला, उंबऱ्याला दगड लागतो, आज नाही तर उद्या नेणारच.

नेमकं शाळेत तपासणीसाठी झाडांचे बुंधे रंगवून झाले होते. बादलीत चुना उरला होता, डब्यात गेरू. सरांनी दोन्ही उचलून आणलं आणि पाची दगडांना वर चुना, खाली गेरूचा पट्टा मारला. रस्त्याकडंच्या झाडांना असतो, अगदी तसा.

"सरकारी रंग दिसला की आपला माणूस हात लावत न्हाई, बगा. फाशी देतील म्हनून भितोय," ते म्हणाले आणि ब्रश खाली ठेवून चार पावलं मागं सरकले. "झ्याक."

मलाही झ्याक वाटलं. आम्ही दोघं ह्याच मातीतले, शिकलेसवरलेले, त्यात येळवस तोंडावर आलेली. तरी दोघांच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही. सरांचं सोडा, त्यांच्या घरात देव्हाराच नव्हता. माझं काय?

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्यांना सांगावं लागतं, आमच्याकडं सांगावं लागत नाही. त्या दिवशी बिदर, उदगीर, लातूर, सगळा मुलूख शेतात असतो. गावात कुत्रं दिसत नाही. शेतात पाच दगड मांडायचे, चुना लावायचा, वर गेरूची बोटं ओढायची, की झाले पांडव. त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची. पुढं भज्जी म्हणजे पालेभाज्या-डाळींची मिसळभाजी, ज्वारीचे उंडे आणि बिंदगंभर, म्हणजे मडकंभर, ताकातली आंबील. घरच्या पुरुषानं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत शेताला फेरी मारायची. मग पंगत. ज्याला शेत नाही तो कुणाच्या तरी शेतात जेवतो.

आमचं शेत कमठाण्याला होतं. ते विकून मैलुरातलं घर बांधलं. तेव्हापासून दर येळवशीला आत्याबाई खिडकीकडं पाठ करून बसायच्या. चार ठिकाणची आवतणं यायची, पण त्या जायच्या नाहीत. "दुसऱ्याच्या बांधावर जाऊन जेवू व्हय? माझं शेत हुतं." तेवढंच बोलायच्या आणि दिवसभर जेवायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

त्या वर्षी येळवशीच्या आदल्या दिवशी त्या माझ्या मागोमाग कबरस्तानात आल्या. सून कुठं जाते आणि हा मास्तर आहे तरी कोण, ते एकदाचं डोळ्यांनी बघायला. फाटकातून आत आल्या, तोंडात शिव्या तयार होत्या. निंबाखाली नजर गेली आणि बाई जागच्या जागी थांबल्या. पायातल्या चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला.

"अगं बया! हितं मैलुरात पांडव हायत, आन् मला कामून सांगितलं न्हाईस?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्या वळून घराकडं चालायलाही लागल्या होत्या. त्या रात्री आमच्या घरात इतक्या वर्षांनी आंबिलीचा लसूण ठेचला गेला.

सकाळी सर नेहमीसारखे आले, फाटकाशी खाकरले, आणि बघतात तर आत वीसेक बाया. डोक्यावर टोपल्या, बिंदगी, कडब्याच्या पेंढ्या. पाच दगडांवर कोप उभी राहिलेली. आमचे हे, विद्युत खात्यातले साहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून "ओलगे ओलगे" करत मोठ्या साहेबाच्या घुमटीला फेरी मारत होते. सर मटकन तारवाल्याच्या कबरीवर बसले.

मग उठून सरळ आत्याबाईंपुढं गेले. "अक्का, ऐका. हे पांडव न्हाईत. ह्या कबरी हायत. गोऱ्यांची लेकरं हायत, बारकी बारकी. रंग मी दिलाय, चोर येऊ नये म्हनून."

एकीनं पुढं केलेला नारळ मागं घेतला. आत्याबाई त्या पाच दगडांकडं बघत राहिल्या.

"आई कुठाय ह्यांची?"

"गेली. समिंदरापल्याड. लई वर्सं झाली."

"म्हंजी तवापासनं उपाशीच हायत की लेकरं," आत्याबाई म्हणाल्या. "सर, पांडव बी कुंतीची लेकरंच हुती. बसा तुमी. वाढा गं."

सर उभेच होते. आत्याबाईंनी त्यांच्या हाताला धरून त्यांना निंबाखाली, पांडवांच्या शेजारी, पहिल्या पंगतीला बसवलं. उंडा सरांनी बाजूला सारला, कवळीत अडकतो म्हणाले. आंबील मात्र चार पेले प्यायले. तिसऱ्या पेल्याला मला हळूच म्हणाले, "लहानपनी येळवशीला आमी बांधावर बसायचो, अक्का. आमच्या ओंजळीत वरनं वाढायचे. आत बसून आज पयल्यांदाच प्यायलोय." मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

नंतर एकदा ते शहरातल्या चर्चच्या पाद्रीबाबांकडंही जाऊन आले, लेकरांच्या कबरीवर असं असं होतंय म्हणून सांगायला. पाद्रीबाबा म्हणाले, कुणी लेकरांना जेवू घालत असेल तर मी कसा नको म्हणू?

इथंच हे थांबतं तर किती बरं झालं असतं. पण आपल्या लोकांना देव सापडला की दम निघत नाही. पुढच्या वर्षी येळवशीला दुप्पट माणसं. मग दर अमावस्येला नारळ. मग सोमवारी उदबत्त्या. बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी सीताफळीचं अर्धं रान तोडलं. घोरपड दिसेना. एक पुढारी पत्र्याच्या शेडसाठी घरोघर फिरायला लागला, आणि एका संध्याकाळी निंबावर कर्णा बांधला. तो रात्रभर वाजला. दुसऱ्या दिवशी घुमटीच्या तड्यातून कुणीच बाहेर आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सर तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरी आले. बाजेच्या कडेवर बसले, चहाला हात लावला नाही.

"पिंगळे गेले, अक्का," ते आत्याबाईंना म्हणाले.

"जाऊ द्या की. पाखरं हायत."

"त्यांचं घर हाय ते. मी चुना लावला म्हनून गेले. माझ्या बापानं घरातले देव मांजरा नदीत सोडले, आन् मी म्हातारपनी पाच नवे उभे केले! माझ्यासारखा बेअक्कल कोन असंल?"

आत्याबाई खदखदून हसल्या. मग त्यांनी सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्या तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ सुपात बोटं फिरवत राहिल्या.

"पांडव येळवशीला शेतात असतेत. येरवी कुठं असतेत हो, सर?"

"मला काय म्हाईत? वनवासात असतील."

"मग झालं तर," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भजनीमंडळ, पिठाची गिरणी, बोअरवरची रांग, काही म्हणून सोडलं नाही. सगळीकडं एकच सांगणं, पांडव येळवशीला तेवढे येतात. बाकी वर्षभर वनवासात. वनवासातल्या माणसाला भेटायला कुणी जातंय व्हय? त्यांचं झाड तोडलं तर ते राहतील कुठं? आणि पुढाऱ्याला भर चौकात विचारलं, "वनवासात शेड असतंय व्हय रे, मुडद्या?" शेड तिथंच बारगळलं. कर्णा उतरला. महिन्याभरात फाटकाला कुणीतरी काटेरी फांदी लावली. सरकारनं फलक लावून जे झालं नसतं ते त्या म्हातारीच्या तोंडानं झालं.

पण सर घरी आले त्या दिवशी, ते उठायच्या आधी, आत्याबाई म्हणाल्या होत्या, "एक हाय, सर. तुमी बी जायचं न्हाई."

"मी?"

"तुमी रोज आत गेलात तर लोक म्हनतील, मास्तराला कोन इचारतंय? एक गेला की धा जातेत. नियम म्हंजी नियम."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं, मधला काही मार्ग काढावा, असं त्यांना वाटत असणार. मला मार्ग दिसत नव्हता. आत्याबाईंचं खरं होतं. सरांनी गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "माणसाला जागा लागतीया..." पुढचं त्यांनी म्हटलंच नाही.

शेवटचं एकदा आत जाऊन येऊ का, असंही त्यांनी विचारलं नाही. फाटकाबाहेर भिंतीतून निखळलेला जांभ्याचा एक दगड पडला होता. दुसऱ्या दिवसापासून सर संध्याकाळी त्या दगडावर बसायला लागले. मी शाळेतून येता येता त्यांच्याजवळ थांबायची. आत जे चाललंय ते सगळं ते कानांनी बघायचे.

"सातभाई पाखरं वरडायलेत, ऐका. घोरपड निघाली असंल. मडमेच्या अंगणात हाय." मग थोड्या वेळानं, "आता गप झाले. म्हंजी गेली ती तापवाल्याकडं."

हातभर अंतरावर फाटक होतं. आणि हा माणूस, ज्यानं त्या जागेतला दगड अन् दगड हातानं उचलून ठेवला होता, भिंतीला कान लावून बसला होता. मला कधी कधी इतका संताप यायचा की ती काटेरी फांदी उपटून फेकावी आणि म्हणावं, जा हो सर, काय पांडव खाणार आहेत तुम्हाला? पण मी फांदीला हात लावला असता तर सगळ्यात आधी तेच ओरडले असते.

दुसऱ्या थंडीत एका संध्याकाळी त्यांनी अचानक माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता.

"आले," ते म्हणाले. "आले, अक्का. दोघं हायत. भांडायलेत."

मला आधी काहीच ऐकू येईना. मग आलं. सर रडत होते आणि हसतही होते.

वर्षातून एक दिवस त्यांचा होता. येळवशीला बाया यायच्या आधी, उजाडता उजाडता, ते धुतलेला पांढरा सदरा घालून फाटकाशी उभे राहायचे, खाकरायचे आणि आत जायचे. एकेका कबरीला सलाम, एकेकाची तबियत. सगळ्यांना भेटून व्हायला हवं, म्हणून त्यांची पावलं घाईघाईनं पडायची. मग पहिली पंगत, चार पेले आंबील, आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बाहेर. बाहेर आले की स्वतःच्या हातानं काटेरी फांदी लावायचे.

पुढं त्यांचे कान गेले. हे कळायला मला वेळ लागला, कारण ते बसायचे तसेच. एक दिवस म्हणाले, "बोलला का?" आत सगळं चिडीचूप होतं. मी म्हटलं, "व्हय. बोलला की."

"एकच?"

"एकच."

"खोटं बोलायलात, अक्का," ते म्हणाले. रागानं नाही, आमच्या वर्गातल्या पोरांना म्हणायचे तसं. "पिंगळा एकटा बोलत न्हाई. दोघं बोलतेत." त्यानंतर मी कधी खोटं बोलले नाही. बोलले तर दोघं बोलले म्हणायची, न बोलले तर मान हलवायची.

आत्याबाई गेल्या तेव्हा ते त्यांच्या तिरडीला खांदा देऊन आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली, डॉक्टरांना दाखवते म्हणून. ते परत आलेच नाहीत. तिकडंच गेले, तिकडंच सगळं झालं. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. कसलं ते पुणं! कबरस्तानाच्या बाहेर बसून ज्या माणसानं वर्षं काढली, त्याला शेवटी तिथली मूठभर लाल मातीसुद्धा मिळाली नाही. हे मला अजून सोसत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं माझे पाय तिकडं वळले नाहीत; यंदा येळवशीला आत्याबाईंची टोपली मी डोक्यावर घेतली. फाटकाशी आले आणि थांबले. सरांचा तो जांभ्याचा दगड पांढराशुभ्र होता. वर चुना, खाली गेरूचा पट्टा. पुढं एक उंडा आणि झेंडूचं फूल.

शेजारी शेळ्यावाली बाई होती. पूर्वी तिच्या सासूच्या शेळ्या आत चरायच्या. "ह्यो कुनी रंगवला?" मी विचारलं.

"कुनी तरी. ह्यो राखनदार हाय, बाई. पांडव वनवासात असतेत तवा ह्यो राखन बसतोय. लई कडक हाय म्हनतेत. स्वता बी आत जात न्हाई."

"मग आज तरी आत न्या की त्याला."

"न्हाई, न्हाई. ह्यो भायेरचा."

तो शब्द माझ्या डोक्यात गेला. मी टोपली खाली ठेवली. "भायेरचा?" मी म्हटलं, आणि माझा आवाज असा चढला की आतल्या बाया वळून बघायला लागल्या. "अहो, ह्याच्या आधी हितं कोन हुतं? आज येळवस हाय. वर्सातनं एक दिस त्याला आत जायला मिळतंय. तेवढा बी घालवायलात?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बऱ्याचजणी नव्या होत्या, त्यांनी सरांना कधी पाहिलंही नव्हतं. पण ज्या म्हातारीनं इथली येळवस सुरू केली तिची ही सून, एवढं त्यांना ठाऊक होतं. शेळ्यावालीच पुढं झाली. गोणपाट घालून आम्ही चौघींनी तो दगड उचलला. चांगलाच जड होता. फाटकाशी मी त्यांना थांबवलं आणि मोठ्यानं खाकरले. काय वेडी बाई आहे, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

तो निंबाखाली ठेवला, त्या पाच लेकरांच्या शेजारी, घुमटीकडं तोंड करून. एकजण उंडा घेऊन पुढं आली. मी म्हटलं, "उंडा नको त्याला. आंबील वाढा. चार पेले."

दिवस मावळायला बाया टोपल्या आवरू लागल्या. शेळ्यावालीनं गोणपाट आणलं. राखणदाराला परत बाहेर ठेवायला हवं, नियम म्हणजे नियम. आम्ही चौघी वाकलो, दगडाखाली हात घातले. तेवढ्यात घुमटीच्या तड्यातून एक डोकं बाहेर आलं. मग दुसरं. दोघं वर येऊन अंगाला अंग लावून बसले आणि त्यांनी भांडण सुरू केलं.

"उचला की," शेळ्यावाली म्हणाली.

"थांबा जरा," मी म्हटलं. "ऐकायलेत ते."